पहिल्या दहा बॅटऱ्या : कॅमेरा ड्रोन उडवायला शिकताना

ड्रोन किती शिकून झाला, हे मी बॅटऱ्यांवर मोजतो : एक बॅटरी म्हणजे एकदा भरलेल्या बॅटरीवरचं उड्डाण. खोक्यावर उड्डाणाची तीस किंवा त्याहून जास्त मिनिटं छापलेली असतात. पण तो आकडा वारा नसताना, बॅटरी पार संपेपर्यंत मोजलेला असतो. परतीचा वाटा बाजूला काढला की हातात साधारण वीस मिनिटं उरतात. अशा पहिल्या दहा बॅटऱ्या हात बसवण्यासाठी ठेवा. रेकॉर्डिंगचं बटण दाबूच नका. कॅमेरा चालू झाला की नजर स्क्रीनमध्ये अडकते, आणि नवख्यांचे बरेच ड्रोन पडतात ते त्याच वेळी.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. ड्रोन वर पाठवण्याआधी तो परत कसा येणार, हे मनात स्पष्ट हवं. खाली जे जे सांगतो आहे ते या एकाच गोष्टीसाठी आहे.

घरात बसून करायची कामं

आधी नियम. देशागणिक तपशील बदलतो, गाभा मात्र बराचसा सारखा आहे : जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांच्या वर जायचं नाही, ड्रोन उघड्या डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे, विमानतळ आणि संरक्षित जागांपासून लांब राहायचं, गर्दीच्या डोक्यावर न्यायचा नाही. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला बऱ्याच देशांत नोंदणीची किंवा परवान्याची सवलत असते. पण हलका ड्रोन म्हणजे नियमच नाहीत, असा समज करून घेऊ नका. आपल्या देशाच्या विमान वाहतूक खात्याच्या नकाशावर आपलं मैदान कुठल्या पट्ट्यात येतं ते बघा, आणि दर वेळी नव्याने बघा, कारण तात्पुरती बंदी मधूनच लागते.

१२० मीटरचा आकडा हवेतून आलेला नाही. माणसं बसलेली विमानं सहसा त्याच्या वर उडतात. हेलिकॉप्टर मात्र खाली येऊ शकतं. त्याचा आवाज कानावर आला की ते कुठे आहे हे शोधत बसू नका. आधी ड्रोन खाली आणा.

मग सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर खोटा ड्रोन उडवायचा प्रोग्राम. संगणकावर किंवा फोनवर चालणारे बरेच मिळतात. चार-पाच तास घाला. तिथे दृश्यं बघत फिरू नका, स्टिक शिका. बहुतेक रिमोट ‘मोड २’वर येतात : डावी स्टिक वर-खाली केली की उंची बदलते, डावी-उजवीकडे केली की ड्रोन जागच्या जागी नाक वळवतो. उजव्या स्टिकने तो पुढे-मागे आणि आडवा सरकतो. नुसत्या अंगठ्याने ढकलण्यापेक्षा अंगठा वर आणि तर्जनी बाजूला, अशी चिमटीत स्टिक धरून बघा. हालचाल लगेच मऊ होते.

पंखे हातात घेऊन बघा. चारांपैकी दोन एका दिशेने फिरतात, दोन उलट्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली जोडी सारखी असते. म्हणून पंखेही दोन प्रकारचे येतात आणि त्यांच्यावर व मोटरवर जुळणारी खूण असते. चुकीच्या मोटरवर बसवले तर ड्रोन जमीन सोडायच्या आतच कलंडतो. पंख्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवा. कुठे अडकलं, तर तिथे टवका उडालेला आहे किंवा बारीक चीर आहे. डोळ्यांना हे दिसत नाही, नखाला कळतं. असा पंखा टाकून द्या. चिकटवू नका, घासून गुळगुळीत करू नका.

फर्मवेअर, म्हणजे ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर, आदल्या रात्री अपडेट करा. मैदानावर पोचल्यावर अपडेट मागणारा ड्रोन, तुटकं इंटरनेट आणि उतरत चाललेली बॅटरी असं सगळं एकत्र आलं, की माणूस घाई करतो. घाईतली पुढची पायरी म्हणजे तपासणी न करता उडवणं.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आकाशात तोच तुमचा एकमेव आधार. ती लिथियमची असते. साध्या प्रकारात प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो. पूर्ण भरून आठवडाभर ठेवली तर तिचं आयुष्य घटतं, पार रिकामी ठेवली तर ती मरते. उडवायचं नसेल तेव्हा अर्ध्याच्या जरा वर, साठ टक्क्यांच्या आसपास ठेवा. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून हलकं दाबा. डुलली, तर ती फुगली आहे. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही, चार्जही करायची नाही. ती कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नका. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात न्यायच्या, खाली जाणाऱ्या बॅगेत नाहीत.

जागा आणि वेळ

मोकळं मैदान हवं, गवताचं असेल तर उत्तम. माणसांपासून निदान तीस मीटर अंतर, आणि जवळपास झाडं, खांब, तारा, पाणी नको. सकाळ सगळ्यात बरी : वारा कमी असतो, माणसंही कमी.

वारा मोजायला यंत्र लागत नाही. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वारा सेकंदाला साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर आहे. नवख्याची हद्द तिथे संपते. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, तर त्याहून जास्त आहे. ड्रोन पिशवीतच राहू द्या. छोटे ड्रोन सेकंदाला दहा मीटरपर्यंतचा वारा सोसतात असं कागदावर असतं. पण सोसणं म्हणजे जागेवर टिकणं, वाऱ्याविरुद्ध घरी येणं नव्हे. शिवाय जमिनीवर जो वारा लागतो त्याहून ऐंशी मीटरवरचा बहुतेक वेळा जोराचा असतो.

काँक्रीटच्या गच्चीवरून, गाडीच्या टपावरून किंवा लोखंडी झाकणाजवळून उड्डाण नको. ड्रोनमध्ये कंपास असतो आणि लोखंडाशेजारी तो फसतो. कंपास बिघडला की ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी वर्तुळात फिरू लागतो आणि ते वर्तुळ वाढत जातं. असं दिसलं की लगेच उतरवा.

पहिली बॅटरी : डोक्याच्या जरा वर

आधी गिंबलचं, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या हलत्या बैठकीचं, झाकण काढा. ते तसंच ठेवून ड्रोन चालू केला तर गिंबलची नाजूक मोटर त्याच्याशी झगडत बसते. मग रिमोट चालू करा, त्यानंतर ड्रोन. बंद करताना उलटं : आधी ड्रोन, मग रिमोट. ड्रोनला कधीही मालकाविना जागं ठेवायचं नाही.

ड्रोन सपाट जागेवर ठेवा, शेपूट तुमच्याकडे आणि नाक समोर. चार-पाच मीटर मागे या. आता थांबा. जीपीएसचे उपग्रह मोजले जाऊ द्या आणि होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परत यायची जागा, नोंदला गेल्याचा संदेश येऊ द्या. नवखे इथेच चुकतात : उपग्रह पुरेसे मिळायच्या आत उडवतात आणि मग ‘घरी ये’ म्हटल्यावर ड्रोनला घर कुठलं तेच ठाऊक नसतं.

उचला आणि दोन मीटरवर थांबवा. दोन्ही स्टिक सोडून द्या. हो, पूर्ण सोडा. जीपीएसवर चालणारा ड्रोन स्टिक सोडल्यावर जागेवर उभा राहतो, आणि हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर हाताची निम्मी भीती जाते. पुढे कधी गोंधळ उडाला, तर पहिलं काम हेच : स्टिक सोडा, श्वास घ्या, ड्रोनचं नाक कुठे आहे ते बघा.

अर्धा मिनिट तिथेच ठेवून ऐका. सारखा गुणगुणणारा आवाज चांगला. खरखर, शिट्टी, मधूनच बदलणारा सूर ऐकू आला तर उतरवून पंखे तपासा. मग एका वेळी एकच स्टिक, एकाच दिशेने, थोडीशी : पुढे दोन मीटर, मागे दोन मीटर, डावीकडे, उजवीकडे. उतरवा. पुन्हा उचला. या बॅटरीत दहा वेळा उतरवलात तर बॅटरी सार्थकी लागली.

उतरवताना उभ्या रेषेत वेगाने खाली आणू नका. ड्रोन स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बसतो, पंख्यांना धरायला स्वच्छ हवा मिळत नाही आणि तो डचमळत घसरतो. सावकाश आणा, उंचावरून येताना थोडं पुढे सरकत आणा. हातात झेलण्याचे व्हिडिओ पाहून मोह होईल. नका करू. फिरता पंखा बोट कापतो.

आणखी एक जपून ठेवण्याची गोष्ट : बऱ्याच ड्रोनमध्ये दोन्ही स्टिक खाली आणि आतल्या कोपऱ्यांत ओढल्या की मोटर चालू होतात. हवेत तेच केलं तर काही मॉडेलमध्ये त्या बंद पडतात आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो. तुमच्या मॉडेलमध्ये काय होतं ते पुस्तिकेत वाचून ठेवा.

दुसरी ते पाचवी : नाक तुमच्याकडे वळलं की

शेपूट तुमच्याकडे असेपर्यंत तुमची उजवी ती ड्रोनची उजवी. ड्रोन तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला की डावं-उजवं उलटं होतं. झाडाकडे सरकणारा ड्रोन वाचवायला माणूस घाबरून स्टिक ढकलतो, आणि तो झाडावरच जातो. यावर डोक्याने विचार करून उपाय नाही. हातालाच सवय लागावी लागते.

तर क्रम असा. तीन मीटर उंचीवर दहा मीटरचा चौकोन काढा, नाक सतत समोर ठेवून. मग तोच चौकोन, पण प्रत्येक कोपऱ्यावर नाक वळवून, म्हणजे ड्रोन नेहमी पुढेच चालेल. मग ड्रोन समोर उभा करून त्याचं नाक स्वतःकडे वळवा आणि तसाच डावी-उजवीकडे सरकवा. मी हे शिकवताना म्हणतो : ज्या बाजूला ड्रोन घसरतोय त्याच बाजूला स्टिक टेकवा, जणू तुम्ही त्याला टेकू देताय. नाक स्वतःकडे असताना ही युक्ती बरोबर लागू पडते. शेवटी आठचा आकडा. तो गोल आणि सारख्या उंचीवर जमला, की हात तयार होत आला असं समजा.

हे सगळं स्क्रीनकडे न बघता करायचं. फोन बाजूला ठेवता येत नसेल तर त्यावर रुमाल टाका.

सहावी ते आठवी : परत येणं

आता ड्रोन लांब आणि उंच जाईल, म्हणून खरं शिक्षण इथे आहे.

‘रिटर्न टू होम’, रोजच्या बोलण्यात आरटीएच, हे बटण दाबल्यावर, रिमोटचा सिग्नल तुटल्यावर किंवा बॅटरी खाली गेल्यावर ड्रोन आपणहून परततो. बहुतेक ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतात, सरळ रेषेत येतात आणि उतरतात. ती उंची तुम्ही ठरवायची असते. आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा पंधरा-वीस मीटर जास्त ठेवा, आणि जागा बदलली की आकडा बदला. कारखान्यातून आलेला आकडा तुमच्या झाडांची उंची ओळखत नाही. ड्रोन छताखाली किंवा मोठ्या झाडाखाली असेल तर आरटीएच दाबू नका. तो वर चढताना आपटेल.

उंचीचा आकडाही नीट समजून घ्या. स्क्रीनवर दिसणारी उंची तुम्ही उड्डाण केलं त्या जागेपासूनची असते, ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासूनची नव्हे. टेकडीच्या पायथ्याहून निघून उतारावर गेलात, तर स्क्रीनवर चाळीस मीटर दिसत असतानाही जमीन दहा मीटरवर आलेली असू शकते. नियमातली १२० मीटर मात्र खालच्या जमिनीपासून धरायची असते.

सहाव्या बॅटरीत, भरपूर चार्ज असताना, शंभर मीटरवरून मुद्दाम आरटीएच दाबा आणि तो काय करतो ते बघा. किती चढतो, कुठे वळतो, होम पॉइंटपासून किती बाजूला उतरतो. मधेच ते रद्द करून ताबा घ्यायचाही सराव करा. संकटात हे बटण पहिल्यांदा दाबण्याची वेळ येऊ देऊ नका.

वाऱ्याचा धडा मला माझ्या चुकीतून मिळाला. वारा पाठीशी घेऊन मी ड्रोन लांब नेला. स्क्रीनवर वेग छान दिसत होता, चित्र सुंदर दिसत होतं. साधारण पाचशे मीटरवर, नव्वद मीटर उंचीवर वळवला तेव्हा बॅटरी अठ्ठावीस टक्के होती. स्टिक पूर्ण पुढे ढकलली आणि वेगाच्या जागी आकडा आला : सेकंदाला दोन मीटर. अंतर हलेना, टक्के मात्र एकेक करून उतरत होते. मिनिटभर मी तसाच ढकलत राहिलो आणि शंभर-सव्वाशे मीटर कसेबसे कापले. मग मला सुचलं, खाली वारा कमी असेल. मधे झाडं नाहीत हे बघून तीस मीटरवर आणला. वेग पाचवर गेला. ड्रोन पायाशी उतरला तेव्हा तेरा टक्के उरले होते आणि माझे तळवे घामाने ओले होते. आरटीएच दाबून गप्प बसलो असतो तर तो त्याच उंचीवरून, त्याच वाऱ्याविरुद्ध येत राहिला असता.

म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी ठेवा. पन्नास टक्क्यांना नाक घराकडे वळलेलं असावं आणि तीस टक्क्यांना ड्रोन तुमच्या जवळ असावा. थंडीत बॅटरी लवकर पडते. अशा दिवशी उड्डाणानंतर मिनिटभर जवळच घिरट्या घालून तिला गरम होऊ द्या आणि हे आकडे आणखी वाढवा.

सिग्नलबद्दल थोडक्यात. तुमचं शरीर, झाडं, भिंती सगळेच तो अडवतात, म्हणून ड्रोनकडे तोंड करून उभे राहा. रिमोटची अँटेना चपटी असेल तर तिची सपाट बाजू ड्रोनकडे हवी. बरेच जण टोक ड्रोनवर रोखतात. टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात क्षीण असतो.

ड्रोनला जे दिसत नाही

समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर असले की माणूस निर्धास्त होतो. बारीक तारा, पानं गळालेल्या डहाळ्या, काच या गोष्टी त्या सेन्सरना धड दिसत नाहीत. तारेचा अंदाज तारेकडे बघून येत नाही. खांब शोधा, आणि दोन खांबांच्या मधे तार आहेच असं धरून चाला. अंधारात यांतले बहुतेक सेन्सर निकामी होतात. स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगवान मोडमध्ये, बहुतेक ड्रोन ते बंदच करतात आणि थांबायला लागणारं अंतरही वाढतं, म्हणून पहिल्या दहा बॅटऱ्यांत त्या मोडला हात लावू नका. पोटाखालचे सेन्सर जमिनीची नक्षी बघून जागा धरतात. पाण्यावर नक्षी हलते, चमकते, आणि त्यांचा गोंधळ उडतो, त्यामुळे पाण्यालगत खालून उडवणं नवख्याचं काम नाही.

जीपीएस गेलं तर स्टिक सोडूनही ड्रोन थांबत नाही, वाऱ्याबरोबर वाहतो. सिम्युलेटरमध्ये हा प्रकार मुद्दाम चालू करून सराव करा.

घार किंवा कावळा ड्रोनवर झेपावू लागला तर आधी वर चढा. पक्ष्याला उभं चढणं जड जातं. मग लांब न्या आणि उतरवा. घरट्यांच्या हंगामात त्या जागेचा नाद सोडा. ते आकाश त्यांचं आहे.

नववी-दहावी, आणि मग कॅमेरा

शेवटच्या दोन बॅटऱ्यांना एक जोडीदार बरोबर न्या. तुम्ही स्क्रीनकडे बघाल तेव्हा त्याने ड्रोनकडे बघायचं आणि मोठ्याने सांगायचं : ‘डावीकडे झाड’, ‘माणूस येतोय’. ही माणसं लाखमोलाची असतात.

चित्रीकरणाचं तंत्र पुढे शिकताच येईल. सुरुवातीला दोनच गोष्टी पुरे. पहिली, सावकाश. सगळ्यात मंद मोड लावा, एका शॉटमध्ये एकच हालचाल करा आणि ती दहा सेकंद टिकवा. दुसरी, सेकंदाला पंचवीस फ्रेम घेत असाल तर शटर एक-पन्नासांश सेकंदाच्या आसपास ठेवा, म्हणजे हालचाल डोळ्यांना सहज वाटते. उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर लागतो, गॉगलसारखा. कुणाच्या खिडकीत, अंगणात कॅमेरा जाऊ देऊ नका. समोर कुणी येऊन काय करताय विचारलं, तर ड्रोन उतरवून स्क्रीन दाखवा आणि नीट बोला.

उतरल्यावर ड्रोन बंद, रिमोट बंद, गिंबलचं झाकण. बॅटरी हाताला गरम लागते. ती गार होईपर्यंत चार्जरला लावू नका. तेवढ्या वेळात वहीत चार ओळी लिहा : वारा कसा होता, किती टक्क्यांना उतरवला, कुठे हात गोंधळला, कुठल्या पंख्यावर काय दिसलं. माझ्या वहीत त्या वाऱ्याच्या दिवसापुढे ‘१३’ असा आकडा आहे. त्यानंतरच्या पानांवर तिसाच्या खालचा आकडा नाही.